पहिल्या गाडीची काच

भाचीला गाडी घ्यायची आहे हे कळल्याबरोबर आमच्या घरात प्रत्येकाचं मत तयार झालं. मिरजेहून दाजींचा फोन आला, "पहिलंच वाहन आहे, शोरूममधून नवं काढू दे. दुसऱ्यानं वापरलेलं नको." ताईच्या मनात वेगळंच होतं. घरची वॅगनआर दारात नुसती उभी असते, तीच पोरीला पाठवून द्यावी, म्हणजे घरचं काहीतरी तिच्याजवळ राहील. भाचीच्या ऑफिसातल्या मित्रमैत्रिणींनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही सुचवली होती, उंच, पुढून दांडगी दिसणारी, सात वर्षांच्या हप्त्यांवर. आणि भाची, वय वर्षं तेवीस, बेंगळुरूतल्या कसवनहळ्ळीत दोघी मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहणारी, आतापर्यंत स्कूटरवर बेळ्ळंदूरच्या ऑफिसात जाणारी, मला म्हणाली, "मामा, तू इतकी वर्षं या गावात गाडी चालवतोयस. तूच सांग."

मी ते मनावर घेतलं. पहिल्या पगारावर, परक्या शहरात घेतलेली गाडी माणसाला चालक म्हणून घडवते. पहिल्या दोन-तीन वर्षांत नजरेला, हातापायांना जे वळण लागतं ते पुढे सहसा बदलत नाही. शिवाय माझ्या डोक्यात एक आकडा कायमचा बसलेला आहे. 2022 साली आपल्या देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, आणि त्यांतली दोन तृतीयांश 18 ते 45 या वयातली होती. त्याच वर्षीच्या सरकारी अहवालात पुढे असंही आहे की मरण पावलेल्यांत 44.5 टक्के दुचाकीवरची होती आणि जवळजवळ वीस टक्के पायी चालणारी. मोटारीच्या काचेच्या आत जितकी माणसं मरतात त्याच्या कितीतरी पट काचेबाहेर मरतात. गाडी निवडताना मी हे सगळ्यात आधी धरतो. नव्या चालकाला ज्या गाडीतून बाहेरचा माणूस नीट दिसतो ती त्याची पहिली गाडी. किंमत, मायलेज, रंग हे सगळं त्याच्या मागून.

बेंगळुरूत तर हे दुप्पट खरं आहे. टॉमटॉम नावाची डच कंपनी दरवर्षी जगभरातल्या शहरांची वाहतूक मोजते. 2019 च्या तिच्या यादीत बेंगळुरू जगात सर्वांत कोंडलेलं शहर ठरलं होतं. 2022 मध्ये लंडनच्या पाठोपाठ दुसरं. शहराच्या मध्यभागात दहा किलोमीटर जायला सरासरी 29 मिनिटं 10 सेकंद. म्हणजे ताशी वीस किलोमीटर. एवढ्या वेगात काय होणार, असं बाहेरच्याला वाटतं. पण संध्याकाळी सातला इब्बलूरच्या चौकात येऊन बघा. डावीकडून डिलिव्हरीच्या मोटारसायकली फूटपाथच्या कडेने घुसतात, उजवीकडे पाण्याचा टँकर, पुढे बीएमटीसीची बस थांब्यापासून चार हात अलीकडेच उभी, आणि तिच्या पुढून, जिथे तुम्हाला काहीही दिसत नाही तिथून, हात वर करून रस्ता ओलांडणारी माणसं. आयटी पार्कमध्ये साफसफाईचं काम करणाऱ्या बायका, सिक्युरिटीवाले, पाठीवर लॅपटॉपची बॅग घेतलेली पोरं. आउटर रिंग रोडला पादचारी पूल थोडे आहेत आणि माणसं फार आहेत. या गर्दीत वेग हा धोका नसतो. कोणीतरी न दिसणं हा धोका असतो.

त्यात पायाचं काम. क्लच अर्धा दाबून, पहिल्या गिअरवर, दोन-दोन हात पुढे सरकत तासभर काढायचा. नव्या चालकाचं निम्मं लक्ष डाव्या पायाकडे जातं आणि उरलेलं निम्मं गाडी बंद पडून मागचे हॉर्न वाजवतील या धास्तीकडे. रस्त्याकडे कोण बघणार? म्हणून क्लचच्या ओझ्यातून तिला मोकळं करायचं हे माझं पहिल्या दिवशीच ठरलं. पूर्वी ऑटोमॅटिकची सोय महागड्या गाड्यांतच मिळायची. 2014 मध्ये मारुतीने सेलेरियोत एएमटी आणली आणि ते चित्र पालटलं. एएमटीत गिअरबॉक्स नेहमीचीच असते, क्लचही असतो, फक्त तो दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं. त्यामुळे किंमत फार वाढत नाही आणि पेट्रोलही जास्त पीत नाही. तिची एक खोड मात्र माहीत हवी. गिअर बदलताना ती क्षणभर दम खाते, म्हणून पुढच्याला ओलांडायचं तर आधीपासून विचार करून ठेवावा लागतो. नव्या माणसाला तो विचार करायला लागणं मला तर चांगलंच वाटतं. चढावर थांबल्यावर मात्र हँडब्रेक ओढायची सवय हवी, नाहीतर गाडी मागे घरंगळू शकते. भाचीच्या इमारतीच्या बेसमेंटमधून वर येणारा चढ अवघड आहे, वर वळण आणि वळणाच्या तोंडाशी दुधाचा बूथ. ती मिरजेत गिअरच्या गाडीवर शिकली, लायसनही तिथलंच, हे मात्र उत्तम झालं. शिकताना क्लच कळायलाच हवा.

आता ताईची वॅगनआर. 2012 ची, एमएच-10, डॅशबोर्डवर सांगलीच्या गणपतीची छोटी मूर्ती, सीटवर ताईनेच शिवलेली कव्हरं. या गाडीत भाची शाळेला गेली, बारावीच्या परीक्षेला गेली. आणि दिसण्याच्या बाबतीत तिला तोड नाही. उंच बैठक, मोठ्या काचा, बारीक खांब, बोनेटचं टोक बसल्या जागेवरून दिसतं. नव्या चालकासाठी यापेक्षा चांगली काच शोधून सापडायची नाही. मी दोन दिवस मनात तिच्याच बाजूने होतो.

पण तिच्यात एअरबॅग नाहीत आणि एबीएसही नाही. तेव्हा ते सक्तीचं नव्हतं. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी 64 किलोमीटरने अडथळ्यावर आदळून पाहिल्या: आल्टो, नॅनो, आय-टेन, फिगो, पोलो. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले, आणि तेव्हा कुठे देशात या विषयावर मोठ्याने बोलणं सुरू झालं. त्यानंतर नियम टप्प्याटप्प्याने आले. एप्रिल 2019 पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकापुढची एअरबॅग, पट्टा न लावल्यास वाजणारी घंटा, मागे येताना सावध करणारे सेन्सर. 2022 पासून शेजारच्या सीटलाही एअरबॅग. नवी वॅगनआर या सगळ्यासह येते, तरी 2023 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या नव्या, कडक कसोटीत तिला एकच तारा मिळाला. म्हणजे ज्या गाडीतून बाहेरचा माणूस सगळ्यात छान दिसतो तीच आतल्या माणसाला सगळ्यात कमी जपते, अशी ही अडचण. मला दोन्ही हवं होतं. ताईला मी फोनवर हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मग आम्ही एवढी वर्षं पोरीला कशात फिरवली रे?" मी तिला म्हटलं, त्या काळी सगळेच तशा गाड्यांत फिरत होते, आणि दाजी गाडी जपून चालवतात म्हणून तर सगळं निभावलं.

शिवाय कराचा प्रश्न होता, आणि तो महाराष्ट्रातून इथे येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला पडतो. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो: आधी सांगलीच्या आरटीओची ना-हरकत, मग इथला आजीवन कर भरायचा, मग तिकडे भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागायचा. गाडी जुनी असली की कर कमी पडतो, पण खेटे तेवढेच. एमएच नंबर पाहून सिग्नलला थांबवलं जाण्याची धाकधूक आमच्या ओळखीतल्या कित्येक मुलांनी वर्षानुवर्षं सोसली आहे. ज्यांच्या कंपनीची ऑफिसं चार किंवा अधिक राज्यांत आहेत त्यांच्यासाठी 2021 मध्ये बीएच मालिका आली, पण तीही सुरुवातीला नव्या गाडीलाच होती.

नव्या गाडीवर कर्नाटकाचा आजीवन कर देशातल्या सर्वांत चढ्या करांपैकी आहे: पाच लाखांपर्यंत 13 टक्के, दहापर्यंत 14, वीसपर्यंत 17, त्यापुढे 18, आणि वर उपकर. सात लाखांच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 11 टक्क्यांनी 77 हजार भरावे लागतात. इथे उपकर सोडूनच 98 हजार. शोरूममधल्या फलकावरची किंमत आणि गाडी रस्त्यावर आणण्याची किंमत यांतलं अंतर बघून भाची चक्रावलीच. जुन्या गाडीवर हा कर पहिल्या मालकाने भरलेला असतो. हा जुन्या गाडीच्या बाजूचा भक्कम मुद्दा आहे, आणि मी दाजींना तोच आधी सांगितला.

दाजींच्या आग्रहामागे काय आहे हे मला ठाऊक आहे. त्यांच्या वडिलांनी फियाटसाठी पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. त्या पिढीला गाडी मिळायची ती मुलांची शिक्षणं उरकल्यावर, घर बांधून झाल्यावर. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली गेली, आणि त्या 796 सीसीच्या तीन सिलिंडरी गाडीने मध्यमवर्गाचं वयच बदललं; तिशी-चाळिशीतला नोकरदार गाडीत बसू लागला. माझी पहिली गाडीही तीच, एका निवृत्त बँक मॅनेजरांकडून घेतलेली. तरीही तेवीस वर्षांच्या मुलीने स्वतःच्या पगारातून गाडी घेणं ही आमच्या घराण्यात पहिलीच वेळ. अशा वेळी ती नवी, कोरी, हार घातलेली असावी असं बापाला वाटणार. त्यात काही चुकीचं नाही.

गंमत अशी की त्या फियाटी कुर्ल्याऐवजी बेंगळुरूत बनल्या असत्या, थोडक्यात हुकलं. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आपल्याला माहीत आहेत ते खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, धुळे, पुणे करून मग ते म्हैसूरचे दिवाण झाले. उतारवयात त्यांनी भारतात मोटारीचा कारखाना काढायचा ध्यास घेतला. 1935 मध्ये, वयाच्या पंच्याहत्तरीत, त्यासाठी युरोप-अमेरिकेचा दौरा केला. सोलापूरचे वालचंद हिराचंद या योजनेत उतरले, अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी पक्की झाली, म्हैसूर संस्थान पाठीशी उभं राहायला तयार होतं. ब्रिटिश सरकारने मात्र खोडा घातला. शेवटी वालचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती मुंबईत. बेंगळुरूला त्यांनी मोटारीआधीच विमानाचा कारखाना दिला होता; 23 डिसेंबर 1940 ला स्थापन झालेली हिंदुस्तान एअरक्राफ्ट, आजची एचएएल. तिच्या भिंतीच्या कडेने जाणाऱ्या ओल्ड एअरपोर्ट रोडवरून मराठहळ्ळीकडे जाताना मला दर वेळी त्या न झालेल्या मोटार कारखान्याची चुटपुट लागते.

मोटार या शहरात बनली ती पुढे, आणि ती चक्क विजेची. चेतन मैनी यांच्या रेवाचं काम 1994 मध्ये सुरू झालं आणि 2001 मध्ये ती बेंगळुरूच्या रस्त्यांवर आली. लांबी अडीच मीटरपेक्षा थोडीच जास्त, दोन दारं, पुढे दोन माणसं, मागे दोन मुलं, शिशाच्या बॅटऱ्या, एका चार्जिंगला साधारण ऐंशी किलोमीटर. लंडनमध्ये ती जी-विझ या नावाने खपली. 2010 मध्ये महिंद्रांनी ती कंपनी घेतली. मल्लेश्वरमात आमच्या गल्लीत एक शिक्षिका रेवा चालवायच्या. आठव्या क्रॉसवरच्या भाजीबाजाराच्या दाटीतून त्या ज्या सहजतेने निघायच्या, ते बघून मला पटलं की शहराच्या रस्त्याला बेतलेली गाडी म्हणजे काय. ब्रिटनमध्ये 2007 साली तिच्या धडक-चाचणीचे निकाल मात्र काळजी वाटावी असेच होते. मापाने अचूक आणि अंगाने नाजूक. तिच्यापासून घ्यायचं ते माप, आणि त्यात पुढच्या वीस वर्षांत आलेली सुरक्षा मिळवायची, असा हिशेब मी भाचीपुढे मांडला. चार मीटरच्या आतली, पाच दारांची, एएमटी, दोन एअरबॅग आणि एबीएस असलेली, चार तारे तरी मिळालेली, आणि मोठ्या काचांची.

होसूर रोडवरच्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डात आम्ही शनिवारी सकाळी गेलो. दुपारच्या आत जाणं चांगलं, कारण इंजिन गार असताना गाडी चालू करून ऐकता येते. आधीच तापवून ठेवलेली गाडी बरंच काही लपवते. आधी भाचीला तिच्या मनातल्या एसयूव्हीतच बसवलं. सीट वर घ्यायला लावली, तिची उंची पाच फूट एक इंच. आरसे लावून घेतले. मग मी तिला सांगितलं, "मी गाडीभोवती फिरतो. मी दिसतोय तोवर हात वर ठेव, दिसेनासा झालो की खाली कर." आणि मी हळूहळू चालायला लागलो, रस्ता ओलांडणारा माणूस चालतो तसा.

उजव्या कोपऱ्यावर, पुढची काच आणि बाजूची काच यांच्यामधल्या खांबाआड मी गेलो आणि तिचा हात खाली आला. मी दोन पावलं पुढे गेलो, हात वर. डाव्या कोपऱ्यावर पुन्हा खाली, आणि या वेळी बराच वेळ खालीच. मागच्या बाजूला तर काच इतकी अरुंद की मी छातीपासून वरचाच दिसत होतो. यार्डात काम करणारा हुबळीचा एक पोरगा हे सगळं बघत होता. त्याने काही न विचारता ऑफिसातला वीस लिटरचा पाण्याचा कॅन उचलून आणला आणि गाडीच्या मागे ठेवला. भाचीला आरशात तो दिसला नाही. मग तो स्वतःच गुडघ्यात वाकून, पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या उंचीने, बोनेटच्या अगदी समोरून गेला. भाचीचा हात तो पलीकडे पोचेपर्यंत खालीच होता. पोरगा उठून उभा राहिला आणि हसत कानडीत म्हणाला, आमच्या गल्लीतली मुलं अशीच पळतात.

हे खांब जाड झाले ते उगाच नव्हे. गाडी उलटली तर छप्पर खाली बसू नये, समोरून धडक बसली तर दार उघडता यावं, म्हणून पोलादाचं बळ त्यांत भरलेलं असतं. तारे त्यांच्याच जिवावर मिळतात. आतल्याला वाचवणारी गोष्टच बाहेरच्याला झाकते, आणि हा पेच कोणत्याही कंपनीने पूर्णपणे सोडवलेला नाही. मग चालकानेच आपली मान वापरायची. वळताना, सिग्नलवरून निघताना सीटवर पुढे झुकून, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे डोकं नेऊन खांबाच्या मागे बघायचं. मी भाचीकडून ते तिथेच पुन्हापुन्हा करून घेतलं. मागच्या कॅमेऱ्याबद्दल ती म्हणाली, त्यात कॅन दिसतो की! दिसतो, खरं आहे, आणि कॅमेरा असावाच. पण पावसात त्याच्यावर चिखल बसतो, आणि पुढच्या खांबाआडून येणाऱ्या बाईला तो बघत नाही.

मग आम्ही टियागोकडे वळलो. 2021 ची, एएमटी, केए-53 म्हणजे के. आर. पुरम आरटीओची, एकाच हातातली. 2020 च्या जानेवारीत टियागोच्या नव्या रूपाला ग्लोबल एनकॅपने चार तारे दिले होते, तेव्हाच्या कसोटीप्रमाणे. पुन्हा तोच फेरा. उजव्या खांबाशी हात क्षणभर खाली आला, डावीकडे थोडा जास्त वेळ, बोनेटसमोर हुबळीच्या पोराचं डोकं भाचीला दिसलं. मागची काच काही फार मोठी नाही, तिथे ती नापास म्हणावी लागेल. वॅगनआरची काच तिला नाहीच. पण मला जे दोन्ही हवं होतं ते एका गाडीत, परवडेल अशा किमतीत, यापेक्षा जास्त मिळणं कठीण होतं.

आता बेंगळुरूत जुनी गाडी घेताना आणखी एक गोष्ट बघावीच लागते, ती म्हणजे पाणी. 4 सप्टेंबर 2022 च्या रात्री बेंगळुरूत पाऊस कोसळला. आउटर रिंग रोड, येमलूर, सर्जापूर रोडवरचे बंगले पाण्यात गेले, लोक ट्रॅक्टरमधून ऑफिसला गेले, आणि बेसमेंटमध्ये उभ्या असलेल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यांतल्या काही भंगारात गेल्या, काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. म्हणून मी टियागोचे चारही पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहिले. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा पट्टा वरवर स्वच्छ असतो, पण पूर्ण ओढला की आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. सीटच्या रुळांवर बोट फिरवलं, गंज नव्हता. मागची चटई उचलून वास घेतला. डिकीत स्टेपनी ठेवायच्या खोबणीत ओल नव्हती. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला तिचा इतिहास मागवला, किलोमीटरचे आकडे वर्षानुवर्षं चढत गेलेले जुळले, आणि आरसीवर बँकेचा बोजा उरलेला नाही हे पाहिलं.

विमा काढताना भाचीने विचारलं, मी नवी चालक म्हणून हप्ता जास्त का? ब्रिटनमध्ये तसं आहे. तिथे विशीतल्या पोरांना गाडीच्या किमतीच्या बरोबरीने विमा पडू शकतो, म्हणून ती पोरं लहान इंजिनाच्या गाड्याच घेतात. आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनावर ठरतो: 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416, हे 2022 पासूनचे दर. चालकाचं वय कोणी विचारत नाही. इथे तरुण चालकाला आवरणारा हा एक लगाम नाही, म्हणून तो घरातल्यांनी आणि त्याने स्वतः धरायचा. इंजिनाचं वेगळं संरक्षण मात्र मी तिला आवर्जून घ्यायला लावलं. अंडरपासमध्ये पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा किल्ली फिरवायची नाही, हे तर मी दोनदा बजावलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्यावर पिस्टन आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच जातं. गाडी तिथेच सोडून बाहेर पडायचं, टोइंगवाल्याला बोलवायचं.

दाजी शेवटपर्यंत कुरकुरले. मी त्यांना म्हटलं, नव्या गाडीला पहिला ओरखडा पडला की पोरगी रात्रभर झोपणार नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून ती ओरखडे वाचवत गाडी चालवेल, माणसं नव्हे. हे मी मनापासून म्हटलं. सात वर्षांचे हप्ते डोक्यावर असलेला माणूस रस्त्यावर वेगळाच वागतो, हे मी इथल्या तरुण मुलांत बघतो. गाडीला खरचटलं की दुचाकीवाल्याच्या गळ्याला हात घालतात. भाचीच्या गाडीला घेतली तेव्हाच मागच्या बंपरवर एक पोचा होता. तो काढून देतो असं यार्डवाला म्हणाला. तिनेच नको म्हटलं.

ती ऑफिसला आता कंपनीच्या बसनेच जाते, आणि ते मला पटतं. गाडी निघते रात्री उशिरा परतायचं असलं की, पावसात, आणि शनिवारी माझ्याबरोबर. सध्या आम्ही सकाळी सहाला कनकपुरा रोडने जाऊन-येऊन करतो. सिल्क बोर्डच्या नव्या दोन मजली उड्डाणपुलाचा रस्ता कुठे चढतो आणि पुलाखालचा कुठे फुटतो हे तिला आता न विचारता कळतं. हायवेने मिरजेपर्यंत एकटीने यायचं नाही, एक पावसाळा तरी इथे काढ, यावर ताई, दाजी आणि मी तिघांचं एकमत आहे. दसऱ्याला गाडी मिरजेला आणून पूजा करायची दाजींची इच्छा होती. मग ठरलं की आयुधपूजेला तेच दोघं इकडे येतील. इथे त्या दिवशी प्रत्येक गाडीला केळीचे खांब बांधतात, चाकाखाली लिंबं ठेवतात आणि कोहळा ओवाळून रस्त्यात फोडतात. त्या गरावरून दुचाकी घसरतात, म्हणून आमचा कोहळा आम्ही फाटकाच्या आत फोडून लगेच उचलणार आहोत. राणी चन्नम्मा एक्सप्रेसची तिकिटं दाजींनी काढली. सकाळी त्यांना स्टेशनवरून आणायला भाची गाडी घेऊन जाणार, दाजी पुढे बसतील, आणि ताई आणि मी मागे पट्टा लावून.